मत आहे की उष्टं?

तुझा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण हा तूच लिहिलायस यावर विश्वास बसेना. 'आयकॉनिक' किती वेळा आलंय, मोजलंस? मी मोजायचं सोडून दिलं.

डिझायनर मात्यू ब्लाझीला शनेलने नेमलं, त्यावर तुझा निकाल: "चुकीची निवड." नेमणूक जाहीर झाली डिसेंबर 2024 मध्ये, त्याचा पहिला शो झाला ऑक्टोबर 2025 मध्ये. तू शोबद्दल एक ओळ लिहीत नाहीस, नुसत्या नेमणुकीच्या बातमीवर फैसला सुनावतेस. उचलली जीभ, लावली टाळ्याला! बरं, त्याचं आधीचं काम तरी? बोत्तेगा वेनेताच्या सप्टेंबर 2022 च्या शोमध्ये मॉडेल केट मॉस चालली, चौकड्यांचा शर्ट आणि जीन्स घालून. तू लिहितेस, "साधे, रोजचे कपडे." अगं, ते कापड नव्हतंच! चामडं होतं, छपाई करून कापडाचा भास आणलेलं. डोळा फसला म्हणून मी चिडलेली नाही. तो फसावा म्हणूनच केलं होतं ते. पण वाचायला काय झालं होतं? जगभर छापून आलं होतं. कापड हातात घेऊन पोत ओळखणारी पोरगी तू, आणि स्क्रीनवर अंगठा सरकवत 'साधे' म्हणून पुढे गेलीस?

आता सेलीनची 2015 ची जाहिरात. "म्हातारीला घेऊन केलेला स्टंट." कोण म्हातारी? नाव शोधायचे कष्ट घेतलेस? जोन डिडियन. अमेरिकेची मोठी लेखिका, वय तेव्हा 80. फोटो युर्गेन टेलरचा, कपडे फीबी फायलोचे. नीट बघ. काळा स्वेटर, गळ्यात लोलक, डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा. विकायला काय ठेवलंय? चष्मा. म्हणजे जिने जन्मभर टक लावून पाहिलं आणि लिहिलं, नेमके तिचेच डोळे झाकलेत. हे गमतीचं आहे, की निर्लज्ज आहे, की दोन्ही? त्याच सुमारास सेंट लॉरेंटने गायिका जोनी मिचेलला जाहिरातीत आणलं, तीही सत्तरी ओलांडलेली. दोन फोटो शेजारी ठेवून दोन पानं लिहिली असतीस, तर मी स्वतः संपादकांकडे घेऊन गेले असते. स्टंट म्हण हवं तर. का ते सांग.

बालेन्सियागाच्या परिच्छेदाला मात्र माफी नाही. नोव्हेंबर 2022 च्या दोन वेगळ्या जाहिराती तू एकात कोंबल्यास. टेडीच्या आकाराच्या बॅगा घेतलेली मुलं एका जाहिरातीत. बाल-अश्लीलतेसंबंधी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा कागद दुसरीत, हँडबॅगखाली. पहिलीचे फोटो गाब्रिएले गालिम्बेर्तीचे. दुसरीशी त्याचा संबंध नाही. तरी लोकांनी त्यालाच शिव्या घातल्या. वडाची साल पिंपळाला! आणि इतक्या वर्षांनी तू तेच छापायला निघालीस? हे तुझं मत नव्हे, दुसऱ्याचं उष्टं आहे.

प्राडावर तोंडसुख घेतलंस ते घेतलंस. जून 2025 मध्ये मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आली, नाव ना गाव, राग रास्तच. पण 2019 चं जीआय मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. हे घातलं असतंस, तर 'आपली चप्पल' म्हणजे कुणाची, हा प्रश्न तुलाच पडला असता. तो पडू द्यायचा नव्हता, हो ना?

तू म्हणशील, "मॅडम, शो बघायला पॅरिसला कोण पाठवणार?" कोणी नाही. 2012 मध्ये सेंट लॉरेंटमधल्या हेडी स्लिमानच्या पहिल्या शोचं आमंत्रण न्यूयॉर्क टाइम्सच्या कॅथी होरिनलाही नव्हतं. तिने फोटो पाहून लिहिलं, आणि इतकं झोंबलं की स्लिमानने जाहीर उत्तर दिलं. फोटो तुझ्याकडेही आहेत. "सगळे असंच लिहितात." मग सगळ्यांनाच वाचते, तुझी गरज काय? "मत वैयक्तिक असतं." असतं ना! यात तुझं वैयक्तिक काय आहे, दाखव बोट ठेवून.

दिओरचा गेटवे ऑफ इंडियाजवळचा मार्च 2023 चा शो झाला, तेव्हा तू 'चाणक्य' या भरतकाम संस्थेच्या कारागिरांनी भरलेल्या त्या प्रचंड तोरणावर एक पान लिहून दिलं होतंस. टाक्यांवर लिहिलं होतंस, ते कुणाच्या हातचे यावर लिहिलं होतंस, टाळ्या कुणाला मिळाल्या यावरही. ते पान अजून माझ्या फाइलमध्ये आहे. म्हणून तर डोकं फिरलंय. येत नसतं, तर शेरा मारून सोडून दिलं असतं.

सोमवारी परत आण. बालेन्सियागा अख्खा काढ. ब्लाझीचा पहिला शो आवाज बंद करून दोनदा बघ, मग पेन उचल. आणि 'आयकॉनिक' दिसलं, तर पुढे वाचणार नाही.