चमक दिसली, आता जेल चालव

चि. मैत्रेयी,


फोटो पाहिला. पेशी निळ्या चमकतायत, सुरेख दिसतायत. पण तुझ्या लॅबच्या मॅडमना दाखवायची घाई करू नकोस.

जीएफपी सोडून ॲनॅप घेतलंस, ते बरोबरच केलंस. जीएफपी म्हणजे 238 अमिनो आम्लांचं अख्खं चमकणारं प्रथिन. आयन चॅनेलच्या हलणाऱ्या भागावर एवढं बिऱ्हाड लादलं तर तो हलणार कसा? ॲनॅप हे चमकणारं एकच अमिनो आम्ल, आणि भोवती पाणी आहे की तेलकट पटल, त्यानुसार त्याचा रंग सरकतो. तुला नेमकं तेच बघायचंय.

पण ॲनॅप जिथे बसवायचं ती जनुकातली यूएजी ही मुळात थांबायची खूण. 2001 साली पीटर शुल्ट्झ यांच्या गटानं वेगळा टीआरएनए आणि त्याचं वेगळं एन्झाइम देऊन ई. कोलायला त्या खुणेवर अनैसर्गिक अमिनो आम्ल बसवायला लावलं. अशी चमकणारी अमिनो आम्लं 2006 मध्ये आली. पेशीला मात्र ही सवय नाही. ती यूएजीवर थांबून अर्धवट प्रथिन सोडते, नाहीतर तिथे भलतंच अमिनो आम्ल बसवते.

मी कुमारिनवालं चमकणारं अमिनो आम्ल वापरत होते तेव्हा दोन महिने नुसती चमक बघून खूश होते. मग एकदाचे दोन नमुने जेलवर शेजारी चालवले, एक अमिनो आम्ल दिलेला, एक न दिलेला. दोन्ही लेनमध्ये पूर्ण लांबीचा बँड, सारखाच जाड. अतिनील दिव्याखाली धरलं तर दोन्ही बँड काळे, म्हणजे पेशीनं यूएजीवर भलतंच अमिनो आम्ल बसवलं होतं. चमकत होतं ते न धुतलेलं, मोकळं अमिनो आम्ल! त्या रात्री जेल हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते.

म्हणून तीन डिश लाव: एक सगळं घातलेली, एक ॲनॅपशिवाय, एक ॲनॅप घालून पण यूएजी नसलेल्या जनुकाची. शुद्धीकरणाचा टॅग प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला लाव, म्हणजे अर्धवट तुकडे आपोआप गळतील. पेशी ताज्या माध्यमात ठेवून मोकळं ॲनॅप बाहेर पडू दे, नुसतं एकदा धुऊन भागत नाही. ॲनॅप उजेडात विझतं, तेव्हा डिश फॉइलमध्ये गुंडाळ. आणि अतिनील दिव्यासमोर चष्मा घाल, तिथे हयगय नको.

जेलचा फोटो आधी मला पाठव. रात्री कितीही वाजले तरी मी बघेन.

तुझी,
मावशी