क्षणिकाचा संग्रह

ग्रंथांचा संग्रह करणाऱ्या मनुष्यास एक आश्वासन सहजच लाभलेले असते : जे पुस्तक एकदा छापले गेले, त्याची प्रत मिळण्यास कितीही काळ लागो, ती हाती पडली म्हणजे पहिल्या वाचकाने जे वाचले तेच आपणही वाचीत आहोत, याविषयी त्यास संदेह राहत नाही. प्रकाशनसंस्था बुडाली, वारसांत तंटे लागले, हक्क एका हातातून दुसऱ्या हाती गेले, तरी बाहेर पडलेल्या प्रतीतील एक ओळही त्यामुळे हलत नाही. जुन्या दूरचित्रवाणी-मालिकांचा संग्रह करणाऱ्यास असे कोणतेच आश्वासन नाही. ज्या मालिकेचा तो शोध घेतो ती मुळात शिल्लक आहे काय, असल्यास विक्रीस आली आहे काय, आली असल्यास अखंड आली आहे काय, आणि अखंड आलेली तबकडी आपल्या घरच्या यंत्रावर चालेल काय, हे चारही प्रश्न त्यास प्रत्येक वेळी नव्याने सोडवावे लागतात. आणि पुष्कळदा तो चौथ्या प्रश्नापर्यंत पोचतही नाही. ही विवंचना एखाद्या छंदिष्टाची खाजगी बाब म्हणून सोडून देण्याची आपली रीत आहे. माझ्या मते तिच्या मुळाशी एक सार्वजनिक प्रश्न आहे : कोट्यवधी लोकांनी एकाच रात्री, एकाच घटकेस जे पाहिले, त्याचा हक्क जो मिरवतो, त्याच्यावर ते जतन करण्याची काही जबाबदारी आहे की नाही?

प्रारंभीच्या काळात तशी जबाबदारी कोणासही जाणवली नाही. १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र नोंदवणारे यंत्र पुढे आणले, तेव्हा ती फीत फार महाग होती, आणि पुसून पुन्हा वापरता येते हाच तिचा मोठा गुण समजला गेला. एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुन्हा कोणी मागेल, ही कल्पनाच ज्यांच्या मनास शिवली नव्हती त्यांनी जमाखर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचे तेच केले. एनबीसीवरील जॉनी कार्सन यांच्या ‘टुनाइट शो’ची १९६२ पासूनची पहिली दहा वर्षे बहुतांशी अशीच पुसली गेली. १९४६ ते १९५६ या दशकात चाललेल्या ड्यूमाँट या वाहिनीच्या कार्यक्रमांच्या फिल्मप्रती पुढे सत्तरीच्या दशकात जागेच्या अडचणीपायी न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडविण्यात आल्या, असे अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ साली काँग्रेस ग्रंथालयाने भरविलेल्या सुनावणीत साक्षीपूर्वक सांगितले. ब्रिटनमध्ये बीबीसीसारख्या सार्वजनिक संस्थेनेही साठीच्या दशकातील ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या फिती निष्काळजीपणे निकालात काढल्या. तिचे नव्वदहून अधिक भाग आजही गहाळ आहेत.

याच्या उलट उदाहरण ‘आय लव्ह लुसी’चे. १९५१ साली सुरू झालेली ही मालिका आजही स्वच्छ, सुस्पष्ट पाहावयास मिळते, याचे कारण कोणाची दूरदृष्टी हे नव्हे. ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ या दांपत्यास हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जावयाचे नव्हते, आणि हॉलिवूडहून पूर्वेकडे पाठविण्याजोगे चांगले चित्र तेव्हा अन्य मार्गाने मिळत नव्हते, म्हणून ती मालिका तीन कॅमेरे लावून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली आणि तिची मालकी त्यांच्या देसिलू कंपनीकडे राहिली. एका दांपत्याच्या निवासाच्या सोयीमुळे एक कलाकृती वाचली आणि एका कोठाराच्या गैरसोयीमुळे दुसऱ्या शेकडो बुडाल्या. ज्या समाजाचा सांस्कृतिक वारसा अशा योगायोगांवर अवलंबून राहतो, त्याने आपल्या व्यवस्थेचा पुनर्विचार करणे अगत्याचे आहे.

जे नष्ट झाले त्याचे दुःख कालांतराने बोथट होते. परंतु जे शिल्लक असून मिळत नाही, किंवा मिळते ते विद्रूप होऊन मिळते, त्याचा सल अधिक खोल जातो. ज्या काळी मालिका निर्माण झाल्या त्या काळी प्रेक्षक त्या विकत घेऊन घरी ठेवील हे कोणाच्या ध्यानीमनी नसल्यामुळे, संगीताचे करारनामे केवळ प्रक्षेपणापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते झालेले असत. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही १९७८ ते १९८२ या काळातील मालिका एका रेडिओ केंद्राच्या कारभारावर आधारलेली, आणि म्हणून त्या काळची लोकप्रिय गीते हा तिचा श्वासच होता. २००७ साली तिच्या पहिल्या वर्षाच्या तबकड्या आल्या तेव्हा त्यांतील पुष्कळ मूळ गीते काढून त्यांच्या जागी निनावी वाद्यसंगीत घातलेले होते, आणि गीत व संवाद जेथे एकमेकांत मिसळले होते तेथे संवादासही कात्री लागली होती. २०१४ साली दुसऱ्या एका कंपनीने चिकाटीने परवानग्या मिळवून त्यातले बरेचसे संगीत परत आणले, तरी सगळे आणता आले नाही. ‘द वंडर इयर्स’ ही मालिका १९९३ साली संपली आणि गीतांच्या हक्कांमुळे तिच्या पूर्ण संचास २०१४ साल उजाडावे लागले. ‘बॅटमन’च्या १९६६ ते १९६८ मधील १२० भागांची कथा आणखी वेगळी : मालिकेची निर्मिती एका कंपनीची, पात्रांची मालकी दुसरीकडे, आणि त्या दोहोंच्या वाटाघाटींत घरगुती व्हिडिओचा अवघा सुवर्णकाळ निघून गेला, तोही संच अखेर २०१४ सालीच निघाला.

गीतकारास व संगीतकारास त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळू नये, असे येथे सुचवावयाचे नाही. तो मोबदला सर्वथा न्याय्य आहे. आक्षेप आहे तो व्यवस्थेच्या एकांगीपणावर. कायदा मालकास दीर्घ मुदतीचा अनन्य हक्क बहाल करतो, त्या हक्काच्या रक्षणार्थ न्यायालयांचे दरवाजे उघडे ठेवतो. पण ती कृती जिवंत ठेवण्याचे, ती अखंड स्वरूपात कोठेतरी पाहावयास मिळेल एवढे करण्याचे बंधन त्याच्यावर घालीत नाही.

व्यापाराचा हिशेब हा तिसरा अडथळा. ‘द मेरी टायलर मूर शो’चे पहिले वर्ष तबकडीवर आले २००२ साली, दुसरे तब्बल तीन वर्षांनी, आणि सातवे व अखेरचे २०१० साली. ‘सेंट एल्सवेअर’ आणि ‘मर्फी ब्राउन’ या नावाजलेल्या मालिकांचे तर केवळ पहिलेच वर्ष अमेरिकेत डीव्हीडीवर आले आणि प्रकाशन तेथेच थांबले. पहिला खंड अपेक्षेइतका खपला नाही म्हणून पुढचे खंड अडवून ठेवणाऱ्या या नीतीत, ज्याने विश्वासाने पहिला खंड घेतला तोच ग्राहक सर्वांत अधिक फसतो. पुनःप्रक्षेपणाच्या वेळी जाहिरातींस जागा करण्यासाठी कापलेल्या प्रतीच कित्येकदा संचात भरल्या जातात, आणि वेष्टनावर त्याची नोंद असेलच असे नाही.

एवढे सारे पार करून आलेली तबकडीही निर्वेध चालेल अशी शाश्वती नाही. चित्रपट-कंपन्यांनी जगाचे जे विभाग पाडले त्यांत अमेरिकेचा क्रमांक १, ब्रिटनचा २ आणि आपला ५. परदेशातील आप्ताने अगत्याने पाठविलेला संच येथील यंत्र त्यामुळे नाकारते. अमेरिकी पद्धतीचे चित्र ५२५ रेषांचे, आपले व ब्रिटनचे ६२५ रेषांचे. आणि फिल्मवरील सेकंदास २४ चित्रे आपल्या पद्धतीत २५ च्या गतीने धावू लागली म्हणजे संपूर्ण कथा चार टक्क्यांनी लवकर संपते व नटांचे आवाज किंचित चढे होतात. व्हीएचएस फितींवरील चुंबकीय लेप झिजत चालला आहे, आणि ती फीत चालवणाऱ्या यंत्राचे उत्पादन जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली बंद केले. ज्याच्यापाशी फीत आहे त्याच्यापाशी यंत्र नाही, अशी अवस्था आता सार्वत्रिक होत आहे.

आता सर्व काही इंटरनेटवर उपलब्ध असताना हा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण त्यात उपलब्धता आणि मालकी यांची गल्लत आहे. जून २०२० मध्ये ‘फॉल्टी टॉवर्स’ या ब्रिटिश मालिकेचा १९७५ सालचा एक भाग त्यातील वर्णविषयक उल्लेखांमुळे एका प्रसारण-सेवेने एकाएकी काढून घेतला आणि टीका झाल्यावर काही दिवसांत, प्रारंभी सूचना जोडून, परत ठेवला. त्या निर्णयाच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद होतील. परंतु त्या काही दिवसांत ज्याच्या घरी तबकडी होती त्यालाच मूळ भाग पाहून स्वतःचे मत बनविणे शक्य होते, ही वस्तुस्थिती आहे. मासिक शुल्क भरून आपण जे घेतो ती पाहण्याची परवानगी होय, आणि परवानगी देणारा ती केव्हाही मागे घेऊ शकतो. समाजाची स्मृती अशा मागे घेता येणाऱ्या परवानगीवर सोपविणे धोक्याचे आहे.

म्हणूनच संग्राहकाकडे मी आदराने पाहतो. ‘डॉक्टर हू’च्या सर्व गहाळ भागांचा ध्वनी आज ऐकता येतो, कारण घरोघरच्या तरुण प्रेक्षकांनी दूरचित्रवाणी-संचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवून तो टिपून घेतला होता. २०१३ साली त्याच मालिकेचे नऊ हरवलेले भाग नायजेरियातील जोस या शहरी सापडल्याचे जाहीर झाले, तेही एका खाजगी शोधकाच्या परिश्रमाने. फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत बातम्यांचे प्रक्षेपण अहोरात्र नोंदवून सुमारे ७०,००० फिती मागे ठेवल्या. संस्थांनी जे कर्तव्य टाळले ते या व्यक्तींनी कोणाच्याही हुकुमाविना, स्वखर्चाने केले.

आपल्याकडे याचा विचार अधिक निकडीने व्हावयास हवा. दिल्लीस १९५९ साली आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले, आणि फिती पुसून पुन्हा वापरण्याची वहिवाट आपल्या केंद्रांतही रूढ होती. आरंभीच्या मराठी नाटिका, मुलाखती, संगीतसभा यांपैकी जे गेले ते परत येणार नाही. चित्रपटांच्या बाबतीत हा धडा आपण एकदा घेतला आहे : ‘राजा हरिश्चंद्र’नंतर अर्धशतक उलटल्यावर, १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपले बहुतांश मूकपट नष्ट झालेले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत ‘रामायण’ ही १९८७-८८ ची मालिका पुन्हा दाखविता आली आणि आजी-आजोबांसह नातवंडांनी ती पाहिली, ती कोणीतरी सांभाळून ठेवली होती म्हणूनच.

१९५४ च्या कायद्याने प्रत्येक ग्रंथप्रकाशकास आपल्या पुस्तकाची प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व अन्य तीन ग्रंथालयांकडे रवाना करावी लागते; या तीन ग्रंथालयांपैकी एक मुंबईत आहे. प्रक्षेपित मालिकांसही हाच दंडक लावावा, आणि जो मालक वर्षानुवर्षे आपली कृती विक्रीसही आणीत नाही व दाखवीतही नाही, त्याच्या त्या कृतीची दप्तरी प्रत अभ्यासकांस ग्रंथालयात बसून पाहण्याची मुभा द्यावी. त्याने कोणाच्याही न्याय्य मोबदल्यास बाध येणार नाही. हे घडेल तेव्हा घडो. तोवर ज्या वाचकांच्या कपाटात दूरदर्शनवरून घरी नोंदवलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. प्रत्येकीवर कार्यक्रमाचे नाव, केंद्र व तारीख लिहून ठेवावी, चालू स्थितीतील यंत्र मिळते आहे तोवर त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी, आणि आपल्यापाशी काय आहे ते संबंधित केंद्रास व संग्रहालयास लेखी कळवावे.