कोंबड्यांचा राखणदार आणि बंदूक

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूस ज्यांची शेतीवाडी आहे, अशा तरुणांच्या तोंडून एक प्रश्न अधूनमधून कानी येतो. रात्री खुराड्यावर रानमांजर येते, दिवसाढवळ्या मुंगूस पिल्ले उचलते, परसात पाळलेल्या गिरिराज किंवा वनराज कोंबड्या महिन्याकाठी निम्म्याने कमी होतात. तेव्हा परवाना काढून एक बंदूक घ्यावी म्हणतो. पहिलीच बंदूक, तर ती कोणती घ्यावी? आणि घ्यायचीच तर अशी घ्यावी की कोंबड्यांची राखणही होईल आणि कधीमधी रानात जाऊन एखादा ससाही मिळेल.

प्रश्न सरळ आहे, विचारणारेही कष्टाळू आहेत. परंतु या एकाच वाक्यात दोन निरनिराळी माणसे बोलत आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एक मेंढपाळ आहे, दुसरा पारधी. पवित्र शास्त्रात दोघेही भेटतात. दाविदाने कळपातील कोकरू पळवणाऱ्या सिंहाला व अस्वलाला मारल्याचे शौलाला सांगितले, ते राखणदार या नात्याने; जनावर अंगावर आले म्हणून त्याने मारले. एसाव धनुष्य व भाता घेऊन रानात गेला, तो बापाला आवडणारे पक्वान्न आणण्यासाठी. दोघांच्याही हातून प्राणी मेले. पण दावीद मागे राहिलेल्या कोकरासाठी उभा होता आणि एसाव पुढे असलेल्या जेवणासाठी चालला होता. आपल्या तरुणाला एकाच पैशात दोघांचेही काम उरकायचे आहे. काटकसर हा गुण खरा. येथे मात्र तो माणसाला फसवतो, कारण राखणीच्या सबबीखाली शिकारीची हौस घरात शिरते व मग खुराड्याचे दार नीट बसवण्याचे राहूनच जाते.

शिकारीचा भाग आधी निकालात काढू, कारण तेथे फारसे बोलायचे उरलेले नाही. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा लहानमोठ्या शिकारीचे परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीने ती कलमेच काढून टाकण्यात आली. आज हौसेसाठी किंवा मांसासाठी रानातला ससा मारणे हा गुन्हा आहे, मग बंदूक परवान्याची असो वा नसो. आपल्या आजोबा-पणजोबांनी ठासणीच्या बंदुका खांद्यावर टाकून रात्री जागवल्या, त्यांच्या गोष्टी आपण आवडीने ऐकतो. त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही. त्यांच्या काळी रान मोठे होते आणि पोटात भूकही खरी होती. आज ज्याच्या घरी दुकानातून आणलेले तांदूळ आणि परसात कोंबडी आहे, त्याने उरल्यासुरल्या रानात जाऊन भुकेचे नाव सांगणे शोभत नाही.

आता राखणीकडे वळू. खरा प्रश्न येथे आहे आणि तो हलका नाही. ज्या घरात अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या येतात, तेथे एका रात्रीत मेलेल्या आठ तलंगा म्हणजे थट्टा नव्हे. सकाळी खुराडे उघडावे आणि सगळ्या मरून पडलेल्या दिसाव्यात, खाल्लेली मात्र एखादीच. तेव्हा माणसाच्या तोंडून सहज शब्द निघतो, दुष्ट जनावर! भुकेपुरते नेले असते तर समजू शकलो असतो, हे तर निव्वळ खून आहेत.

वस्तुतः त्या जनावराजवळ दुष्टपणा नाही. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली या अतिरिक्त मारण्याविषयी लिहिले, तेव्हा त्याने दाखवून दिले की भक्ष्य पळून जात नाही अशा ठिकाणी हे घडते. मांसभक्षक प्राण्याला पकडण्याची प्रेरणा आणि खाण्याची प्रेरणा वेगवेगळी असते. रानात एक पकडली की बाकीच्या उडून जातात व मारणे आपोआप थांबते. खुराड्यात बाकीच्या तेथेच फडफडत राहतात आणि मारणे चालूच राहते.

येथे एक अवघड गोष्ट आपल्यापुढे येते. कोंबडीचे मूळ कूळ म्हणजे रानकोंबडा. तो रात्री झाडाच्या फांदीवर बसतो आणि धोका आला की उडतो. आपण तिला जड केले, अंडी जास्त देणारी केली, रात्री चार भिंतींत कोंडले. तिच्याजवळ पळून जाण्याचे एकच साधन होते, ते आपण काढून घेतले. तेव्हा तिच्या रात्रीची जबाबदारी रानमांजरावर येत नाही, ती आपल्यावर येते. ज्याने दुसऱ्याची सुटकेची वाट बंद केली, त्याने दारही बंद करून द्यायला हवे. मग प्रश्न एवढाच उरतो की बंदूक हे दार होऊ शकते काय?

व्यवहार पाहिला तर उत्तर नकारार्थी येते. रानमांजर, उदमांजर, कोल्हा ही मंडळी येतात त्या वेळी मालक झोपलेला असतो. कोंबड्यांचा ओरडा ऐकून तो उठेपर्यंत, बंदूक काढून काडतूस भरेपर्यंत काम झालेले असते. अंधारात जे हलते ते रानमांजर आहे, शेजाऱ्याचे कुत्रे आहे, की बाहेर लघवीला आलेला म्हातारा आहे, हे कोण सांगणार? डुक्कर समजून सोबत्यालाच गोळी घातल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, त्या अशाच रात्रींच्या असतात. दिवसा येणारे मुंगूस आणि शिक्रा क्षणभर दिसतात. घोरपड आणि साप भिंतीच्या भोकातून शिरतात. त्यांच्यावर खुराड्यात छर्रे झाडले तर आधी कोंबड्याच मरतील. शिवाय यांपैकी बहुतेक जनावरे कायद्याने संरक्षित आहेत. माणसाच्या जिवावर बेतले असता सद्हेतूने जनावर मारले तर कायदा गुन्हा मानत नाही; कोंबडी वाचवण्यासाठी अशी मोकळीक त्याने दिलेली नाही.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चोराविषयी एक बारीक भेद केला आहे. रात्री घर फोडताना सापडलेल्या चोराला मार बसून तो मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही; सूर्य उगवल्यावर मारले, तर दोष आहे. अंधारात घरधन्याला दुसरा उपाय सुचत नाही, उजेडात सुचू शकतो. जेथे दुसरा उपाय आहे तेथे जीव घेण्याचा अधिकार आटतो. हा नियम माणसांसाठी सांगितलेला आहे हे खरे. पण त्यातील विचार आपल्या खुराड्यालाही लागू पडतो. आपल्याला दिवसभराचा उजेड मिळालेला असतो. त्या उजेडात जाळी मारायची ठेवून रात्री बंदूक हाती घेणे म्हणजे आळसाला शौर्याचे नाव देणे होय.

उपाय जुने आहेत आणि बंदुकीपेक्षा स्वस्त आहेत. षटकोनी घरांची बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. ती दाताने व पंजाने फाटते. अर्धा इंच घराची जोडकाम केलेली जाड तारेची जाळी घ्यावी. ती भिंतीशी संपवू नये; फूटभर जमिनीत पुरावी किंवा बाहेरच्या बाजूस जमिनीवर आडवी पसरून दगडमाती टाकावी, म्हणजे उकरणाऱ्याला पहिल्याच ठिकाणी तार लागते. छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट सगळेजण विसरतात. कडी अशी हवी की पंजाने ढकलली तरी उघडणार नाही. सूर्य मावळताच दार बंद झाले पाहिजे, आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावे. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच नव्हे. दिवसा पिल्लांवर डालगे किंवा वर जाळी. अंगणात एक चांगले कुत्रे असले तर बंदुकीपेक्षा त्याचे कान केव्हाही तिखट.

इतके करूनही कुणाला बंदूक लागणारच नाही असे मी म्हणत नाही. वस्तीपासून दूर, रानाच्या काठी राहणारे कुटुंब असेल, बिबट्याची ये-जा असेल, तर माणसांच्या रक्षणासाठी परवाना मागण्यात पाप नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीस रक्षणासाठी, आणि ठासणीच्या बंदुकीस पीकरक्षणासाठी परवान्याची तरतूद ठेवली आहे. एकवीस वर्षे वय पूर्ण हवे, पोलिसांचा अहवाल हवा. निवड करायचीच तर बारा बोरची एकनळी बरी. बारा बोर म्हणजे काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक जिच्यात बसेल ती नळी. तिचे छर्रे चाळीसेक यार्डांपलीकडे निकामी होत जातात. रायफलची गोळी तशी नाही. लहानशा बावीस बोरचीही मैलापलीकडे जाऊ शकते आणि आपल्या शिवारात मैलापलीकडे नेहमीच कुणाचे तरी घर असते. ठासणीची बंदूक एकदा भरली की झाडल्यावाचून सहजी रिकामी होत नाही, म्हणून ती भरलेलीच कोपऱ्यात उभी राहते. मुलाबाळांच्या घरात हे नको. (निवडणुका आल्या की पुष्कळदा बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात; जनावरांना मात्र आचारसंहिता नसते.)

परंतु सर्वांत जड विचार वेगळाच आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाही तर कुणी पडून मेल्यास त्याचा दोष तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची आज्ञा अनुवादात आहे. बंदुकीचा कठडा कोणता? कुलूप, रिकामी नळी, वेगळ्या ठिकाणी ठेवलेली काडतुसे. तरीही घरातल्या एखाद्याच्या मनात काळोख दाटला असेल तर कुलपाची किल्ली त्यालाही ठाऊक असते. कर्ज, दारू, पिकाचे नुकसान यांनी आपल्या खेड्यांत किती माणसे नेली ते आपण जाणतो. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तेव्हा आत्महत्यांचे एकूण प्रमाणच खाली आले. ती वाईट घटका टळली की पुष्कळ माणसे जगतात. साधन हाताशी असले की ती टळत नाही. बंदुकीबाबतही अनेक देशांच्या अभ्यासांतून हेच दिसले आहे. आठ कोंबड्यांच्या बदल्यात हा धोका घरात आणायचा काय, हे नवऱ्याने एकट्याने ठरवण्याचे काम नव्हे. बायकोला विचारावे. तिला घरातली माणसे नवऱ्यापेक्षा पुष्कळदा अधिक कळतात.

नुकसानीचे काय, असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे रास्त आहे. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषाने मारलेले सापडले. त्यांनी गुरे मारली होती. त्या चार वाघांची हळहळ साऱ्या देशाने केली. मेलेल्या गुरांच्या मालकांचे काय झाले, हे विचारणारे थोडे. प्राचीन इस्राएलाच्या नियमांत फाडलेले जनावर पुरावा म्हणून आणून दाखवले की राखणदाराकडून भरपाई घेत नसत; कुणाचाही दोष नसलेले नुकसान असते, हे तेथे मान्य होते. याकोबाने मात्र लाबानाला सुनावले की फाडलेल्या मेंढरांचा तोटा मी स्वतः सोसला. रानाच्या काठचा शेतकरी आज याकोबाच्या जागी आहे. रान सर्वांचे, तोटा त्याचा एकट्याचा. बेळगावात बसून वन्य प्राण्यांवर प्रेम करणे सोपे आहे; जाळीचा अर्धा खर्च देणे थोडे कठीण, पण अशक्य नाही. एखाद्या मंडळीने गावातल्या दोन विधवांच्या खुराड्यांना चांगली जाळी बसवून दिली, तर तेथे बंदुकीचा विषयच निघणार नाही.

राहिली मुलांच्या हातातली छर्ऱ्याची हवाबंदूक. खेळणे म्हणून ती दिली जाते. सलीम अली यांनी लहानपणी अशाच बंदुकीने एक चिमणी मारली आणि तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून चौकशी केली, त्यातून ते पक्षिशास्त्राकडे वळले. हे खरे, पण लाखात एक मुलगा सलीम अली होतो, उरलेली मुले नुसत्या चिमण्या मारतात. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली हवाबंदुका स्वखुशीने परत करण्याची मोहीम निघाली, तेव्हा शिकारीची परंपरा असलेल्या त्या प्रदेशात हजाराहून अधिक लोकांनी आपल्या बंदुका आणून दिल्या. त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती.

आणि ज्यांच्या घरी वडिलांच्या वा आजोबांच्या नावाची जुनी बंदूक अजून माळ्यावर आहे, त्यांनी परवानाधारक वारल्यानंतर ती तशीच ठेवू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करावी लागते; वारसाला हवी असल्यास त्याने स्वतःच्या नावे वेगळा अर्ज करायचा असतो. नळी भरलेली आहे की काय, हे जाणकाराकडून आधी पाहून घ्यावे.