झेरॉक्सच्या पुढची परवानगी

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ हे एक लहानसं दुकान. प्राध्यापकांनी नेमून दिलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून तिथे विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळत. ऑगस्ट 2012मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी हे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ यांना उच्च न्यायालयात खेचलं. नुकसानभरपाई मागितली 60 लाख रुपये.

विद्यार्थी आणि प्राध्यापक दुकानाच्या बाजूने उभे राहिले. एकेकाळी याच संस्थेत शिकवणारे आणि स्वतः ऑक्सफर्डचे लेखक असलेले अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना फेरविचार करण्याची विनंती केली.

सप्टेंबर 2016मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52ने अध्यापनासाठी नक्कल करण्याची मुभा दिलेलीच आहे, हा या निकालाचा आधार. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण हे तत्त्व उचलून धरलं. मार्च 2017मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

मग लेखकाच्या कष्टांचं काय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. क्रमिक पुस्तकामागे लेखकाची, संपादकाची, चित्रकाराची वर्षं खर्ची पडतात. त्यांना मोबदला मिळायलाच हवा. पण तो दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातूनच वसूल व्हावा, असं मात्र नाही.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने 2012पासून दुसरा मार्ग चोखाळला आहे. देणगीदार संस्था आधीच खर्च उचलतात, जाणकार लिहितात, तपासतात आणि भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंतची पुस्तकं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आपल्याकडे आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने 2003मध्ये सुरू केलेला ‘एनपीटेल’ सरकारी पैशातून चालतो. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही ऐकता येतात.

न्यायालयाच्या निकालाने झेरॉक्सला अभय दिलं. मात्र झेरॉक्स काढलेलं इंग्रजी पुस्तक इंग्रजीच राहतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्यापुढे अडखळते, तेव्हा तिची अडचण फक्त किमतीची नसते. ओपनस्टॅक्ससारखं मुक्त परवान्याचं पुस्तक मूळ लेखकाचं नाव देऊन मराठीत आणता येतं, त्यात कोयनेच्या भूकंपाचं किंवा लातूरच्या पाणीटंचाईचं उदाहरण घालता येतं, चूक सुधारता येते. लेखकाने ही संमती आधीच, राजीखुशीने दिलेली असते.

म्हणून जबाबदारी आता सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या प्राध्यापकांवर आणि अभ्यासमंडळांवर येते. संदर्भग्रंथांची यादी ठरवताना प्रत्येक विषयात निदान एक मुक्त पुस्तक असावं. विद्यापीठांनी दरवर्षी काही प्राध्यापकांना मानधन आणि तासिकांतून सवलत देऊन अशी पुस्तकं मराठीत करून घ्यावीत, आणि बढतीच्या वेळी या कामाला शोधनिबंधाइतकंच वजन द्यावं.