ओला कापूस

कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस होते ते. १९७२ पासून राज्यात ही योजना होती. खाजगी व्यापाऱ्याला कापूस विकायचा नाही, संकलन केंद्रावरच न्यायचा. बंड्यांची रांग लागे, रात्र बंडीखालीच काढावी लागे. त्या वर्षी पराटीवर अळी पडली होती आणि पोरीच्या नर्सिंगची फी डोक्यावर होती. शेजारचा कास्तकार म्हणाला, "रातच्याला थोडं पाणी मार. वजन वाढते. सगळेच मारतात."

मी मारलं. कडुनिंबाची डहाळी बादलीत बुडवून गंजीवर शिंपडली. कोणी धरलं नाही. फी भरली गेली.

यवतमाळात १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. तिथं शिकणाऱ्या एका पोरानं आमच्या गावी येऊन येशूच्या रानातल्या परीक्षेवर उपदेश केला होता. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानानं पहिल्यांदा काही वाईट मागितलंच नाही. धोंड्याची भाकर कर, एवढंच म्हणाला. उपाशी माणसानं भाकर खावी, यात पाप ते काय? हे मी ऐकलं आणि वीस वर्षं विसरून गेलो. मी मोह शोधत होतो दारूच्या भट्टीवर, पत्त्यांच्या अड्ड्यावर. तिकडं मी कधी गेलोच नाही, म्हणून स्वतःला बरा समजत होतो. माझा मोह पोरीची फी घेऊन आला.

आता मागं पाहिलं की एक खूण दिसते. बादली उचलायच्या आधी चार-पाच दिवस मी मनात हिशेब करत होतो. सरकार भाव देत नाही, अमका माती मिसळतो, तमक्याचं वजन खोटं. मला कोणी काही विचारलंच नव्हतं, तरी माझं उत्तर तयार होतं.

बुडालं कोणाचं? मला वाटलं सरकारचं. पण ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो, आणि नफा उरला तर तो कास्तकारांनाच वाटायचा अशी ती योजना होती. म्हणजे मागच्या बंडीवाल्याचंच.

पुढच्या वर्षी पीक बरं होतं. गरज नव्हती, तरी रातच्याला हात बादलीकडं गेला. हे मला पहिल्यापेक्षा भयंकर वाटते. बायको कंदील घेऊन आली.

"काय करून राह्यले जी?"

"ढोरायले पाणी."

"ढोरं तर गोठ्यात हायेत."

तिथं उभा राहून मी प्रार्थना केली असती तर कदाचित प्रार्थनेनंतर पाणी मारलं असतं. माझा मला भरवसा नाही. योसेफ पोटीफरच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. मीही बादली तिथंच टाकली, घरात गेलो आणि तिला मागच्या वर्षीचंही सांगून टाकलं.

"म्हणजे ते फीचे पैसे?"

"त्यातलेच."

ती कितीतरी वेळ चुलीजवळ बसून होती. मग उठून तिनं ते पाणी लिंबाच्या झाडाला ओतलं.

पोरीला आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही. ती आता दवाखान्यात नोकरीला आहे. वाचायची आवड आहे तिला, हे पुस्तक तिच्या हाती जाईलच.