आवाजाची किमान शिल्लक

जी ताकद वापरायचीच नाही ती माणसानं जवळ बाळगावी का, हा प्रश्न वरवर पाहता ऋषिमुनींचा वाटतो. खरं म्हणजे तो मध्यमवर्गाचा आहे. आपल्या घरात काचेच्या कपाटात बारा कपबशांचा एक संच असतो. तो 'कोणी आलं तर' ठेवलेला असतो. वीस वर्षांत पुष्कळ माणसं येतात, कान तुटलेल्या कपातून चहा पिऊन जातात; पण ते 'कोणी' काही येत नाही. पलंगाच्या पोटात पाहुण्यांच्या गाद्या असतात. पोस्टात एक सर्टिफिकेट असतं. ह्या सगळ्याला आपण 'असू द्यावं' म्हणतो. 'असू द्यावं' हे आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान आहे आणि त्यावर आजवर कोणी भाष्य लिहिलं नाही, कारण भाष्याचे कागदही आपण असू दिलेले आहेत.

हाच प्रश्न अलीकडे माझ्यापुढे भलत्याच दिशेनं आला. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल गावी असतो. ते गाव म्हणजे कंट्री संगीताचं पंढरपूर. तिथं राहून टाळ न कुटणं अवघडच. भाच्यानं पेडल स्टील गिटार शिकायला घेतली आणि आता शनिवार-रविवारी चारजणांत बसून वाजवण्याइतकी त्याची मजल गेली आहे. तेव्हा त्याला एक छोटेखानी ॲम्प्लिफायर घ्यायचा होता.

"मामा, किती वॉटचा घेऊ?" त्यानं फोनवर विचारलं.

"मला काय विचारतोस? मी बँकेत आहे."

"म्हणून तर. तुला आकडे कळतात."

जिथं आकडे असतील तिथं मला विचारायचं, अशी आमच्या घराण्यात पद्धत आहे. पंचांगातल्या घटिकांपासून सौं.च्या बहिणीच्या रक्तातल्या साखरेपर्यंत सर्व आकड्यांवर मी मत दिलेलं आहे. बी.कॉम. माणसाला हा मान टाळता येत नाही.

आता हे वाद्य काय आहे ते आधी सांगायला हवं. गिटार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात पट्टा अडकवलेला, केस वाढलेला तरुण येतो. पेडल स्टील गिटार ह्यातलं काहीच नव्हे. ती लांबून इस्त्रीच्या टेबलासारखी दिसते आणि वाजवणारा शिवणयंत्रावर बसल्यासारखा बसतो. डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत दांडा. तो दहा तारांवरून फिरवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. डाव्या पायाखाली तीन पेडलं, गुडघ्यांच्या दोन्ही अंगांना चारपाच खटके आणि उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारं आणखी एक पेडल. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे एकाच वेळी कामाला. पगारी नोकरीत हे दृश्य दिसणं शक्य नाही.

तरी हे वाद्य आपल्याला अगदीच परकं नाही. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर पोलाद फिरवण्याची पद्धत रूढ केली असं मानतात. ती पद्धत आपल्याकडेही आली. १९४० च्या दशकात ताऊ मो हे हवाई वादक सहकुटुंब कलकत्त्यात राहत होते. पुढं व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली ह्यांनी सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर अशी काही वाजवली की ती रेडिओवर लागली म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीची माणसं दाढी अर्धवट ठेवून उभी राहायची. ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी तर तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्याबरोबर तेच आहेत. ह्या वाद्यात मींड आहे, म्हणून ते आपल्या कानाला आपलं वाटतं. अमेरिकेत ह्याच मांडीवरच्या वाद्याला पाय फुटले, पेडलं फुटली. १९५४ साली वेब पियर्सचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्सनं तारा वाजत असतानाच पेडल दाबून त्यांतल्या काहींचे सूर सरकवले आणि बाकीचे जागेवर ठेवले. मग सगळ्यांनाच पेडलं हवीशी झाली. शेजाऱ्याकडे मिक्सर आला की आपल्याकडे होतं तसंच.

आता वॉटचा प्रश्न. नेहमीच्या गिटारवाल्याला पंधरा-वीस वॉटचा ॲम्प एखाद्या छोट्या कार्यक्रमाला पुरतो. त्यातून आवाज जरा फाटला तर तो उलट खूश होतो. आवाज फाटावा म्हणून जादा पैसे मोजणारे लोक त्या धंद्यात आहेत. स्टीलवाल्याचं तसं नाही. तो एकदम दोन-तीन तारा छेडतो, आणि आवाज फाटला की त्या सुरांच्या भांडणातून न वाजवलेले भलतेच सूर जन्माला येतात. त्याला सूर स्वच्छ हवा. म्हणून भाच्याची मित्रमंडळी ॲम्पचा विषय निघाला की 'हेडरूम' असा एक शब्द वापरतात. हेडरूम म्हणजे डोक्यावरची मोकळी जागा. माळ्याखालच्या खोलीत राहिलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उडी मारायची नसली तरी ताठ उभं राहता येतं, ही भावनाच वेगळी.

आणि ही मोकळी जागा कशासाठी लागते ते ऐकून मी फोनवरच गप्प झालो. तार छेडली की सूर सुरुवातीला जोरात असतो, मग विझत जातो. स्टीलवाला काय करतो, तर छेडताना उजव्या पायाचं पेडल अर्धवट मिटून ठेवतो. सूर विझायला लागला की पाय हळूहळू दाबत पेडल उघडतो. त्यामुळं ऐकणाऱ्याला सूर लांबच लांब, एकसारखा चालल्यासारखा वाटतो. म्हणजे ती राखीव ताकद घाव घालायला नसतेच. ती मावळत्या सुराला हात द्यायला असते. ज्याच्या ॲम्पमध्ये शिल्लकच नाही, त्यानं शेवटी कितीही पाय दाबला तरी खाली काही नसतं.

बँकेतल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. बँकेला मिळालेल्या ठेवींतला ठराविक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे पडून ठेवावा लागतो आणि त्यावर व्याज मिळत नाही. नफ्यातोट्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर हे पैसे आळशी. पण ज्या दिवशी गावात अफवा उठते आणि दारात रांग लागते, त्या दिवशी बाकीचे कष्टाळू पैसे कुठंकुठं कर्जाऊ गेलेले असतात. मग आळश्यांची किंमत कळते.

"मग घे की मोठ्यातला मोठा," मी म्हटलं.

"मामा, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

इथं प्रश्नाची दुसरी बाजू सुरू झाली. जुन्या स्टीलवाल्यांचा एक आवडता ॲम्प म्हणजे १९६३ साली निघालेला फेंडर ट्विन रिव्हर्ब. ८५ वॉट, बारा इंची दोन स्पीकर आणि वजन सुमारे २९ किलो. १९७४ साली पीव्ही कंपनीनं खास स्टीलवाल्यांसाठी सेशन ४०० काढला. २०० वॉट आणि पंधरा इंची स्पीकर. तोही उचलताना देव आठवणाऱ्यांतलाच. स्वच्छ सुराची किंमत एका पिढीनं कंबरेनं चुकती केली आहे.

आणि एवढं ओझं वाहून मिळतं काय? इथं माझं कॉमर्स उपयोगी पडलं. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला जेमतेम जाणवावा इतका. आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. हे ऐकताच मला आमचे सगळे पगारवाढीचे करार आठवले. डॅनियल बर्नोलीनं १७३८ सालीच लिहून ठेवलं आहे की पैशाची भर जेवढी, तेवढी सुखाची भर नसते; मुळात किती आहे त्यावर ती अवलंबून असते. ही गोष्ट पगारवाढीला लागू पडते हे आम्हांला कॉलेजात शिकवलं होतं, ॲम्पलाही लागू पडते हे आता कळलं. उलट ३ डेसिबलनं जास्त तरतरीत स्पीकर घेतला तर ५० वॉटमध्ये १०० वॉटचं काम होतं. देणारा मोठा असण्यापेक्षा घेणारा समजदार असावा, हे घरखर्च चालवणाऱ्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं.

हल्ली मात्र विज्ञानानं हमालीवर उपाय काढला आहे. नव्या 'क्लास डी' जातीच्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा एक तर पूर्ण उघडतात नाहीतर पूर्ण बंद होतात. अर्धवट उघडे राहून तापत बसत नाहीत. (आमच्या शाखेतले काउंटर ह्या तत्त्वावर चालवून पाहण्यासारखे आहेत.) उष्णता कमी, म्हणून लोखंड कमी. त्याला जोडून वीजपुरवठाही हलका आला. स्पीकरमध्ये निओडिमियमचं लोहचुंबक घातलं की तेही वजन उतरतं. क्विल्टर, मिल्कमन अशा कंपन्यांचे शंभर-दोनशे वॉट जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावतात. फक्त पेटीवरचा आकडा वाचताना बारीक अक्षरांतल्या अटी वाचाव्यात. दोनशे वॉट म्हणतात ते बहुधा ४ ओहमच्या स्पीकरला. ८ ओहमचा लावला तर त्यातले बरेच वॉट कंपनीकडेच राहतात. ह्या बाबतीत माझा सल्ला धंदेवाईक दर्जाचा होता. बारीक अक्षरांतल्या अटींवर मी दहा ते चार जगतो.

हे सगळं झालं तरी माझ्या डोक्यातून मूळ प्रश्न जाईना. ज्याच्याकडे मुळात दहाच वॉट आहेत आणि जो हळू बोलतो, त्याला सौम्य म्हणायचं का? मध्यमवर्गाच्या सौजन्याबद्दल आपण फार बोलतो. साहेबापुढं आम्ही आवाज चढवत नाही, घरमालकापुढं चढवत नाही, रिक्षावाल्यापुढं तर नाहीच नाही. पण हा संयम आहे की एवढाच आवाज आहे? आतलं बटण दहावर फिरवून झालेलं असतं आणि बाहेर जे ऐकू येतं त्याला लोक संस्कार म्हणतात. २०२४ च्या करारानं आम्हांला कारकून न म्हणता कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणायचं ठरलं. पेटी नवी, वॉट तेच.

तेव्हा माणूस सौम्य आहे की नाही हे तो जिथं दुबळा आहे तिथं तपासून उपयोग नाही. जिथं त्याच्याकडे शिल्लक आहे तिथं तपासावं. आणि गंमत अशी की दहा वॉटच्या माणसालाही दिवसातून एखादी जागा अशी मिळते, जिथं तो दोनशे वॉटचा असतो.

नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं. यंत्रावर अंगठा ठेवायचा. भांडी घासून, शेण सारवून, चाळीस वर्षं कष्ट करून अंगठ्यावरच्या रेघा पुसून गेलेल्या असतात, आणि यंत्र म्हणतं, ही बाई ती नव्हे. काचेच्या पलीकडे सत्तरीची म्हातारी उभी असते, मागं रांग असते, आणि अलीकडे बसलेल्याच्या हातात तिचं वर्षभराचं पेन्शन असतं. त्या क्षणी तिच्यासाठी तोच रिझर्व्ह बँक आणि तोच यमराज. तिथं "पुढच्या वेळी या" हे तीन शब्द नुसते मोठ्यानं म्हटले तरी तिचा सूर विझतो.

आमचे हेडकॅशियर ह्या कामाला स्वतःहून बसतात. भरदार अंगाचे, आवाज असा की तिजोरीच्या खोलीतून बोलले तरी रस्त्यावर ऐकू यावा. म्हातारीशी मात्र असे बोलतात की शेजारच्या काउंटरला कळत नाही. "आजी, दुसरा अंगठा बघू. हात पुसा जरा. आता बोट. घाई नाही." मागच्या रांगेतला एकजण ओरडला, की मान वर करून एकदाच त्याच्याकडे बघतात आणि पुन्हा खाली. त्यांना ओरडता येतं हे सगळ्या शाखेला माहीत आहे. म्हणूनच त्यांचं न ओरडणं ऐकू येतं.

भाच्याला मी शेवटी एवढंच सांगितलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत तुला एकट्याला, मध्ये न थांबता, नेता येईल एवढं वजन ठरव आणि त्या वजनात जास्तीत जास्त जेवढे वॉट बसतील तेवढे घे. जी ताकद उचलायला दुसऱ्याची पाठ लागते ती आपली नव्हे, आणि जी जराशा ओढीनं फाटते ती ताकदच नव्हे.

"आणि मामा, एवढे वॉट घेऊन शेजाऱ्यांचं काय?"

"शेजाऱ्यांना वॉट ऐकू येत नाहीत," मी म्हटलं. "त्यांना तुझा उजवा पाय ऐकू येतो."