विरळणी

चाळिशीनंतर माणसाने दोन गोष्टी करू नयेत. एक, चष्म्याचा नंबर वाढलेला लपवू नये. आणि दुसरी, गच्चीवर भाजीचा वाफा करू नये. मी दोन्ही केल्या.

विटा रचून ६ फूट लांब, ३ फूट रुंद असा गादीवाफा केला. कॉमर्सचा पदवीधर मी! लगेच सुतळी ताणून त्याचे १८ चौरस पाडले. युक्ती माझी नव्हे. मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन इंजिनियरने १९८१ साली पुस्तक लिहून ती सांगितली. एक फुटाच्या चौरसात टोमॅटो १, पालक ९, मुळे १६. हिशेब कसा चोख!

पण मुळ्याचं बी टाकताना चिमूट अंमळ मोठी झाली. आठवड्याभरात एकाच चौरसात पन्नासएक रोपं दाटीवाटीने उभी. आता सोळा ठेवून बाकीची उपटायची. याला विरळणी म्हणतात. ती केली नाही तर सगळ्यांचा नुसता पाला होतो, मुळा एकाचाही धरत नाही.

मी उकिडवा बसलो आणि हात चालेना. बँकेत एखाद्याचं कर्ज नामंजूर होतं तेव्हा खाली साहेबांची सही असते. इथे साहेब मीच. आणि या रोपाचा गुन्हा काय? तर शेजारच्याला खेटून उगवलं, एवढाच.

"अहो, उपटताय की त्यांची हजेरी घेताय?" सौभाग्यवती जिन्यातून म्हणाल्या.

एवढ्यात दादा आला. शेजारी बसला आणि बोलता बोलता भराभर रोपं उपटू लागला.

"अरे दादा, जरा बघून तरी..."

"बघायचं काय त्यात? एकाला जागा हवी तर दुसऱ्याने उठायला नको का?"

मी गप्प झालो. वडील गेले त्या वर्षी दादा दहावी झाला होता, चांगल्या मार्कांनी. तो कापडदुकानात मीटर धरून उभा राहिला, म्हणून मी बी. कॉम. झालो. घरात कुणी त्याला विरळणी म्हटलं नाही, इतकंच.

दुपारी त्याच कोवळ्या पाल्याची भाजी झाली. दादाने दोनदा मागून घेतली. म्हणाला, "बघ, वाया काही जात नाही."

ते खरंच. पण जागा मिळालेल्या मुळ्याने निदान मुळ्याएवढं तरी व्हावं की नाही? वीस वर्षं मी कारकूनच आहे. दादाने हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.